उल्हास गटाबरोबर वागळे इस्टेटीत

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी व्हिएतनामला जाऊन आली आणि मी वागळे इस्टेटला. दोन्ही प्रवास परदेशचेच होते असं मी म्हटलं, की आमचे हे हसतात. पण डोंबिवली पूर्वेला मी इतकी वर्षं शिकवण्या घेते, ठाण्याला लग्नाला, डॉक्टरकडे, नाटकाला जाऊन येते, आणि तरी वागळे इस्टेट म्हणजे कारखाने एवढंच मला ठाऊक होतं. तिथं मुलंही राहतात आणि ती शाळेत जातात, हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

जाण्याचं निमित्त असं. आमच्याकडच्या काही निवृत्त आणि सुशिक्षित मंडळींनी महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना वाचायला शिकवायचं मनावर घेतलं. आधी आम्हाला मोबाईलवर प्रशिक्षण दिलं. त्यात वाचायला कसं शिकवायचं हे थोडं होतं आणि काय बोलायचं नाही हे पुष्कळ. मुलाला ‘कच्चा’ म्हणायचं नाही, ‘वाचनाच्या वाटेवर असलेला’ म्हणायचं. ‘चुकलं’ म्हणायचं नाही, ‘पुन्हा बघूया का?’ म्हणायचं. हे घरी ह्यांच्यावर करून पाहिलं. भाजी आणायला विसरले, तेव्हा त्यांना ‘भाजीच्या वाटेवर असलेले’ म्हटलं.

ठाणे स्टेशनपासून पुढच्या रस्त्याचं वर्णन करता येत नाही, कारण तो खणून ठेवला होता.

सोमवार

शाळा तिमजली. तळाला मराठी माध्यम, वर हिंदी, त्याच्या वर उर्दू, आणि जिना एकच. मधल्या सुट्टीत मुलं त्या जिन्यावरून तीन भाषांत धावतात आणि पडली की एकाच भाषेत रडतात. मागच्या भिंतीला लागून एक कारखाना आहे. पत्र्याला भोकं पाडणारं यंत्र तिथं दिवसभर धप्प, धप्प करत असतं. पहिल्या तासालाच माझं डोकं भणभणलं. मुलांना त्याचं काहीच नव्हतं. वाचतानाही ती त्या ठोक्याला थांबून पुढं जात. “एका गावात, धप्प, एक म्हातारी, धप्प, राहत होती.” स्वल्पविराम शिकवण्याची इतकी चांगली सोय डोंबिवलीतल्या एकाही शाळेत नाही.

मुख्याध्यापिका कदमबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचा आवाज असा, की आधी ते यंत्रच थांबेल असं वाटावं. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

“किती दिवस येणार?”

“महिना-दीड महिना तरी.”

“सगळे असंच म्हणतात ओ. पहिल्या दिवशी फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी घसा बसतो, तिसऱ्या दिवशी गावाकडं कोणीतरी आजारी पडतं.”

“मी फोटो काढणार नाही,” मी म्हटलं.

“मग बसा,” त्या म्हणाल्या आणि चहा सांगितला.

तिसरीच्या वर्गाचे वाचनावरून तीन गट पाडले होते. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून गटांना नद्यांची नावं दिलेली. भराभर वाचणारा गोदावरी गट, अडखळत वाचणारा कृष्णा गट, आणि ज्यांना वाचताच येत नाही तो उल्हास गट. कमीपणा कुणाला वाटू नये ही काळजी इतकी पक्की होती, की कॅरममध्ये सोंगटी चुकली तरी पोरं एकमेकांना “ए उल्हास!” म्हणून चिडवत.

उल्हास गट माझा. त्यात सानिका होती. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला, आणि आवाज खणखणीत. मी पुस्तक पुढं ठेवलं. चित्रात हत्ती आणि नदी. खाली लिहिलेलं, ‘हत्ती नदीवर गेला.’ सानिकानं ओळीखाली बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं:

“हत्ती बोलला, घरी दोन दिवस पाणी नाय, टँकर पण नाय आला, म्हणून मी नदीवर चाललो.”

बोट ओळीखालून इतक्या शिस्तीत सरकलं, की क्षणभर मीच चष्मा पुसला.

“सानिका, यात टँकर कुठं लिहिलाय?”

तिनं चित्र नीट निरखलं. “टीचर, तो नाय दिसत. मागच्या गल्लीत गेला असंल.”

प्रशिक्षणात या प्रसंगासाठी काही वाक्य दिलेलं नव्हतं. तिची गोष्ट पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा चांगली होती, हीच अडचण होती. शाळेत आल्यापासून ती अशीच ‘वाचत’ आली होती, आणि वर्गात इतकी मुलं, की पहिली दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मंगळवार आणि त्यापुढं

घरच्या शिकवणीत माझ्याकडे येणारी मुलं नळीच्या बाटलीतून पाणी पितात. त्यांच्या आयांचे मला रात्रंदिवस निरोप येतात, की अर्धा मार्क का गेला, आणि कबीरशी जरा हळू आवाजात बोलाल का, तो संवेदनशील आहे. इस्टेटीतल्या आया फाटकापाशी भेटतात आणि थेट म्हणतात, “ऐकत नसंल तर हाणा बिनधास्त.” दोघींनाही मी तेच उत्तर देते, “बघते हं.”

दुपारी शाळेत खिचडी असते. तिसऱ्या दिवशी कदमबाईंनी माझंही ताट वाढायला लावलं. खिचडी चांगली होती. पण आमचं जेवण म्हणजे ताट, वाटी, ‘अजून घ्या ना’ आणि ‘नको नको’. इथं ‘नको’ म्हटलं की पातेलं पुढच्याकडे जातं. मी सवयीनं एकदा ‘नको’ म्हटलं आणि उपाशी उठले. चौथ्या दिवशी माझ्या चपला गायब झाल्या. शोधल्यावर मैदानात सापडल्या, क्रिकेटमध्ये स्टंप म्हणून. पाचवीतल्या एका खेळाडूनं त्या परत देताना सांगितलं, “टीचर, उद्या उंच टाचेच्या घाला ना.”

सानिकाशी रोज लढाई चाले. मी चित्रं झाकायला लागले. चित्र झाकलं की तिचा चेहरा दुकानाचं शटर पाडल्यासारखा व्हायचा. पहिल्या आठवड्यात ती ‘मी नाय वाचनार’ याशिवाय काही बोललीच नाही. मग एके दिवशी तिनं ‘का’ आणि ‘म’ जोडले, ‘काम’ म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं, की हे इथं आधीपासून लिहिलेलं होतं? त्यानंतर ती वाचू लागली, पण अशा गतीनं, की एक ओळ संपेपर्यंत कारखान्यात पत्र्याचा ढीग रचून व्हायचा. काना आला की थांबायची, वेलांटी आली की थांबायची, जोडाक्षर आलं की पाणी प्यायला जायची.

सानिकाची आई

एका दुपारी सानिकाची आई मला भेटायला आली. जवळच्याच कारखान्यात ती स्विचची बटणं खोक्यांत भरते. गाव चिपळूणकडचं, नवरा टेम्पो चालवतो. जेवणाची सुट्टी वाचवून ती आली होती.

“टीचर, हिला वाचायला येत नाय ना?”

“यायला लागलंय आता. हळूहळू वाचते.”

“हां, म्हणून आम्ही ठरवलंय. जूनपासून हिला इंग्लिश मीडियमला टाकतोय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “मराठी वाचता येत नाही म्हणून इंग्रजीत?”

“हो ना. मराठी जमलं असतं तर ठेवलीच असती हितं.” तिला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. “हिचे पप्पा बोलतात, एक गाडी चालत नाय तर दुसरी बघायची.”

मी पुष्कळ सांगितलं. पाया, मातृभाषा, जे जे मी आयुष्यभर इतरांना सांगितलं आणि ज्याच्या अगदी उलट करणाऱ्या पालकांच्या शिकवण्यांवर माझं घर चाललं, ते सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “टीचर, तुमच्याकडं शिकायला येतात ती पोरं मराठी शाळेत जातात?”

तिची सुट्टी संपली होती, ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळा मी पाहून आले. पिठाच्या गिरणीच्या वर, नाव ‘ग्लोबल स्टार्स इंटरनॅशनल’. भिंतीवर मोठा पृथ्वीचा गोल रंगवलेला, त्यात भारत खिडकीच्या मागं गेलेला. टेबलामागच्या बाईंना मी काही विचारणार, तेवढ्यात त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “मराठीत बोलू नका हं मॅडम, शाळेचा नियम आहे.” हे त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. आतून मुलं एका सुरात काहीतरी इंग्रजी म्हणत होती, आणि गिरणीचा पट्टा त्यांना साथ देत होता. परत येऊन मी सानिकाला विचारलं, तुला जायचंय का तिकडं?

“तिकडं बोलायला देत नाय,” ती म्हणाली. एवढंच. मग दिवसभर ती बोललीच नाही, आणि सानिका गप्प असलेली मला अजिबात आवडली नाही.

पाहुण्यांचा दिवस

त्या सकाळी शाळेला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. एका कंपनीचे मोठे साहेब येणार होते. त्यांना शाळा आवडली, तर वाचनासाठी वेगळी खोली, पुस्तकं आणि कायमच्या एक बाई मिळणार होत्या. कदमबाईंनी मला बाजूला घेतलं.

“वैद्यमॅडम, तुम्ही उल्हास गटाला घेऊन परिसरभेटीला जा.”

“आज?”

“अभ्यासक्रमातच आहे. पोस्ट, दवाखाना, कारखाना. सावकाश दाखवा. पाहुणे जाईपर्यंत दाखवा.”

माझ्या लक्षात आलं आणि मी चिडले. “म्हणजे ज्यांच्यासाठी खोली मागताय, त्यांनाच लपवताय?”

कदमबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “तुम्ही पोरं शिकवता मॅडम. मला शाळा उघडी ठेवायची आहे. पट उतरतोय. अजून उतरला तर ही शाळा उचलून हायवेपलीकडच्या शाळेत घालणार. ही एवढी एवढी पोरं रोज हायवे ओलांडणार? त्यांचा हात कोण धरणार, तुमची डोंबिवलीची मंडळी?”

मी उल्हास गटाला दोघा-दोघांच्या रांगेत उभं केलं आणि निघाले.

परिसरभेट माझीच झाली. पोस्ट कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं. कुठला कुत्रा चावतो आणि कुठला नुसता बोलतो, कुठल्या कारखान्यातून गरम हवा येते म्हणून थंडीत तिथं उभं राहायचं, कुठल्या देवळात प्रसाद मोठा मिळतो, हे सगळं मला समजावून देण्यात आलं. सानिकानं आईचा कारखानाही दाखवला. दारातून आत लांबच लांब टेबल, त्याभोवती बायका. आईनं मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि हात हलवण्याऐवजी खुणेनं विचारलं, शाळा का सोडलीस? सानिकानं खुणेनंच सांगितलं, टीचर घेऊन आल्यात. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं फारसं सोसवलं नाही.

पुढच्या गल्लीत एक लांबलचक पांढरी गाडी आणि एक टेम्पो समोरासमोर अडकले होते. गाडीबाहेर निळ्या कोटातले एक गृहस्थ उभे, शेजारी मोबाईलवर नकाशा धरलेली एक तरुण बाई. नकाशा म्हणत होता, तुम्ही पोचलात. समोर कारखान्याची भिंत होती आणि आतून धप्प, धप्प.

मी मुलांना वळवणार, तोच सानिका पुढं गेली. “तुम्ही पाहुणे काय?”

“हो बाळा. तुला कसं कळलं?”

“आम्ही तुमच्यासाठीच भायेर आलोय ना.”

मी डोळे मिटले. सानिकानं अगदी खरं तेच सांगितलं होतं.

“सर!” ती तरुण बाई ओरडली. “ही आपल्याला घ्यायला आलीत! किती गोड!” आणि तिनं मोबाईल वर धरला.

मग काय. उल्हास गटानं पाहुण्यांचा ताबा घेतला. टेम्पो हलेपर्यंत थांबायचं कशाला, शॉर्टकट मारूया, असं त्यांनी परस्पर ठरवलं. दोन शेडच्या मधून, पत्र्याच्या कातरणांवरून, गटारावर टाकलेल्या फळीवरून वरात निघाली. फळीवर साहेबांचा एक बूट गटाराला लागला. मुलांनी त्यांना धीर दिला. “काय नाय काका, वाळला की वास जातो.”

शाळेच्या फाटकात गोदावरी गट फुलांच्या ताटल्या घेऊन उभा होता. बँडवाल्या मुलानं ढोलावर टिपरू उचललेलं. आणि समोरून साहेबांचा हात धरून, एका ओल्या बुटासह, उल्हास गट आला. कदमबाईंचा चेहरा मी सांगू शकत नाही. मी तिकडे पाहिलंच नाही.

साहेब खुशीत होते. दारावरच्या फलकाकडे बोट करून ते सानिकाला म्हणाले, “वाच बघू काय लिहिलंय.”

सानिकानं क्षणभर विचार केला. “साहेब आले, बरं झालं, पाय धुवा, चहा घ्या.”

सगळे हसले. साहेब सर्वांत मोठ्यानं. “छान! आता खरं वाच.”

हसणं थांबलं. सानिकानं माझ्याकडे पाहिलं. मग लांबूनच बोट उचलून तिनं ते फलकाच्या ओळीखाली धरलं.

“मा... न्‌... मान्य... व... मान्यव... रां...”

धप्प. धप्प. गोदावरी गटाच्या ताटल्या खाली यायला लागल्या. मागं कुणीतरी हळूच उत्तर सांगितलं आणि कुणीतरी त्याला चिमटा काढला. “मान्यवरांचे.” एक श्वास. “हा...” आणि ती अडकली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी पुढं व्हायला निघाले.

“रफार आहे तो, सानिका,” कदमबाई म्हणाल्या. “वर आहे, पण आधी बोलायचा. सावकाश.”

“हार्‌... दि... हार्दिक.” आणि मग ‘स्वागत’ तिनं एका दमात ओढून काढलं, पाण्यातून बादली काढावी तसं.

गोदावरी गटानं ताटल्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तरुण बाई म्हणाली, “सर, पूर्ण व्हिडिओ मिळालाय!” कदमबाई साहेबांना आत नेताना मला एवढंच म्हणाल्या, “परिसर फारच लवकर बघून झाला तुमचा.”

कंपनीची देणगी

सानिकाचा तो व्हिडिओ कंपनीत म्हणे पुष्कळांनी पाहिला आणि काहींना रडू आलं. मुलांना वाचायला किती त्रास होतो हे त्यांच्या मनाला लागलं. तो त्रास वाचवायचा त्यांनी निर्णय घेतला. बाई आल्या नाहीत, खोली झाली नाही. एक भलामोठा टीव्ही आला. त्यावर गोष्टी होत्या, खाली मोठ्या अक्षरांत ओळी होत्या, आणि त्या ओळी टीव्ही स्वतःच मोठ्यानं वाचायचा.

वर्ग खूश. मुलं तोंडं उघडी ठेवून ऐकत बसली. सर्वांत खूश सानिका. “टीचर, आता हाच वाचतो. आपण नको.”

टीव्ही रोज किती वेळ चालतो हे कंपनीला तिच्या कार्यालयात बसून दिसत असे, त्यामुळे तो बंद ठेवण्याची सोय नव्हती. मी कदमबाईंपुढं जाऊन माझा सगळा संताप ओतला. त्या ऐकत पगारपत्रकांवर सह्या करत होत्या.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला तर चित्र दिसत होतं, पण आवाज नव्हता. मुलं ओरडायला लागली. कदमबाई दारात आल्या.

“याचा घसा बसलाय,” त्यांनी जाहीर केलं. “दुरुस्तीवाला कधी येईल सांगता येत नाही. तोवर त्याच्यासाठी तुम्ही वाचा. त्याला तेवढंच बरं वाटेल.”

रिमोट त्यांच्या पर्समध्ये होता. पर्सची चेन पुरती लागली नव्हती.

शेवटचा आठवडा

सानिका आता चौथीत आहे, त्याच शाळेत. ते कसं झालं तेवढं सांगते.

माझ्या शेवटच्या आठवड्यात तिची आई दाखला मागायला आली. ग्लोबल स्टार्समध्ये जागा भरत होत्या. कदमबाई तिला वर्गाच्या दाराशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “एवढी ओळ होऊ दे, मग देते.”

पडद्यावर एक शेळी होती. कळपातून चुकलेली, डोंगरावर एकटी, आभाळ भरून आलेलं. पुढच्या पानावर जायचं तर खालच्या ओळी वाचाव्या लागायच्या, कारण वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा उल्हास गटानं स्वतःच केलेला नियम होता. पाळी सानिकाची होती. ती टीव्हीसमोर उभी राहून, बोट हवेत धरून वाचत होती. तिला आई आलेली माहीत नव्हती.

“शे... ळी... शेळी... ला... शेळीला... वा... ट...”

आई दाराच्या चौकटीला टेकली. “हे ही वाचतेय?” तिनं मला हळू विचारलं. “मनचं नाय?”

“मनचं नाही.”

“शेळीला वाट... सा... प... सापडेना.”

आईच्या पिशवीतला मोबाईल वाजला. तिनं तो न बघता दाबला. कारखान्यात जेवणाची सुट्टी संपत आली असणार, हे मला समजत होतं, तिलाही. ओळी अजून दोन होत्या. सानिका पहिल्या शब्दावरच होती. कदमबाई मागं हाताची घडी घालून उभ्या; दाखल्याचं त्यांनीही काढलं नाही आणि आईनंही नाही. थोड्या वेळानं आईनं पहिलीच्या मुलांचा एक बुटका बाक ओढला आणि त्यावर गुडघे वर करून बसली.

अंधारून आलं, इथवर सानिका पोचली. पडद्यावर शेळी तशीच उभी. न राहवून आईनंच विचारलं:

“अगं, मग घरी पोचली का ती?”

सानिका दचकून वळली. आईला तिथं पाहून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण बोट तिनं हलवलं नाही. शब्द हातचा गेला असता.

“थांब गं आई,” ती म्हणाली. “मी अजून तिथपर्यंत नाय पोचले.”